कंपनीचा ताप

पेण येथील एका दवाखान्यात मी रक्तदाब तपासणीसाठी प्रतीक्षा करीत बसलो असता, शेजारच्या बाकावरील माय-लेकाचा पुढील संवाद माझ्या कर्णपथावर आला. मुलगा रोह्यास कारखान्यात नोकरीस असून, पहिल्या गोळ्यांनी ज्वर न उतरल्यामुळे ती दोघे पुन्हा आली होती.

“भाताची लावणी केलीस, ते सांगितलंस डॉक्टरला?”

“त्यांनी विचारलं, काम काय करता? मी कंपनी सांगितली.”

“आणि आठवडाभर चिखलात कोण उभा होता? तुझा सुपरवायझर?”

“सुट्टी काढून केली गो आई. नोकरी तर कंपनीतच हाय ना?”

“पोटऱ्या ठणकतात, ते तरी बोललास?”

“बोललो. म्हणाले, शिफ्टला उभं राहून दुखतात. साधा ताप हाय.”

“साधा? डोळे लालबुंद, सकाळपासून लघवीला गेलेला नायस! कासू गावच्या साईराजला असंच झालेलं. शेतातलं उंदरांच्या मुताचं पाणी पायाच्या जखमेतून अंगात गेलं. लेप्टो निघाला, किडनीवर आला.”

“हळू बोल, लोकं ऐकतात.”

“ऐकू देत! शेतात राबतो म्हणायची लाज वाटते, मरायची नाय वाटत?”

“त्यांनी पण पुढं काय विचारलं नाय.”

“त्याची पण काढते आत गेल्यावर. एक शब्द ऐकला नि गोळ्या लिहून मोकळा!”

“हर्षद कोण? आत या,” असे परिचारिकेने पुकारले.

“थांब. गळ्यातलं ते कंपनीचं कार्ड काढ आधी.”

“हितनं सेकंड शिफ्टला जायचंय मला.”

“काढ म्हणते ना! टाचेची जखम दाखव त्याला. नायतर परत कंपनीचाच ताप लिहील.”