बाथरूममधल्या काट्याची तपासणी

…आणि वर डॉक्टरीणबाई म्हणतात काय, "या वयात होतं." होतं म्हणजे? पाळी जाऊन वर्ष झालं, गेली ती गेली, पण जाताना सात किलो माझ्या अंगावर टाकून गेली, त्याचं काय? आणि खाण्याचं म्हणाल तर, तुम्हाला सांगते, ताटभर जेवणारी मी वाटीभरावर आले, रोज संध्याकाळी तळ्याला तीन फेऱ्या मारते, शिवाय दिवसातून दहा वेळा अंगाची भट्टी पेटते ती वेगळीच… एवढं जळतंय तर चरबी नको जळायला? नणंदेला सांगावं तर तीही तेच, "वहिनी, या वयात होतं." माझ्याच वयाची आहे हो ती, फुंकर मारली तर उडेल. तिला नाही ते झालं?

मग मला काट्याचाच संशय आला. येणारच, नोकरीच ती… वजनमापांची निरीक्षक मी, सव्वीस वर्षं दुकानोदुकानी काटे तपासतेय. दुकानदारांची रड तोंडपाठ आहे, "मॅडम, फरशी वाकडी आहे, मॅडम, कालच पडला हो हातातून." आणि सोमवारी सकाळी काट्यावर उभी राहून मी नवऱ्याला काय सांगतेय? फरशी वाकडी आहे म्हणून. हे दाढी करत होते, वळलेसुद्धा नाहीत. "अगं, या वयात होतं." म्हटलं, थांबा, सिद्धच करून दाखवते.

शुक्रवारी साहेबांना न विचारता ऑफिसातली वजनं घरी आणली, वीस-वीस किलोची तीन, एकेक करत दोन जिने चढवली, कंबर धरली ती अजून सुटली नाही. काट्यावर रचली, चष्मा लावला, वाकले… आणि काटा खोटाच निघाला हो. साठाचे सत्तावन्न दाखवत होता.

सत्तावन्न. म्हणजे जे चौऱ्याहत्तर बघून मी आठवडाभर रडले, ते निदान सत्त्याहत्तर होते.

असा काटा दुकानात सापडला तर मी जागच्या जागी जप्त करते, मालक पाया पडला तरी ऐकत नाही, आजवर एकाचंही ऐकलेलं नाही. बाहेरून ह्यांचा आवाज, "काय गं, निघाला का खोटा?" घामाघूम होऊन मी तिथंच फरशीवर बसले. थकले हो, अगदी मनापासून थकले… आणि म्हटलं, "नाही हो. बरोबर आहे. असू दे तसाच."