बॅलन्सचं बटण

भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे साठीचं एक जोडपं उभं होतं. दोघांच्या मध्ये जमिनीवर एक भलामोठा खोका.

“मनोरमा, खरं सांग, तुला तो चंदेरी अ‍ॅम्प्लिफायर आवडलेला ना?”

“दिसायला आवडला. समोर एकच गोल बटण, बाकी सगळं कोरं. दुकानदार म्हणाला ना, भारी मशीनला जास्त बटणं नसतातच, आवाज शुद्ध राहतो.”

“मग ह्या खोक्यातल्यासाठी हट्ट का धरलास?”

“ह्याला बॅलन्सचं बटण आहे, डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त होतो. ऑपरेशननंतर तुमचा डावा कान गेला, तेव्हापासून तुम्ही एकही गाणं लावलं नाहीत.”

“लावून काय करू? तबला डावीकडच्या स्पीकरमधून येतो. कोणीतरी शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजवतोय असं वाटतं.”

“आज दुकानात डावीकडचा आवाज वाढवला, तर मांडीवर ठेका धरलात. मी बघत होते.”

“हो गं. एकदम समोर आला तबला. पण तुझे दोन्ही कान चांगले आहेत. तुला सगळं डावीकडेच झुकल्यासारखं वाटेल.”

“मी खुर्ची उजवीकडच्या स्पीकरजवळ ओढीन. मला दोन्हीकडचं सारखं येईल.”

“म्हणजे माझ्या उजव्या बाजूला बसणार.”

“हो. तिथून मी बोललेलं तुम्हाला नीट ऐकू येतं.”

“गाणं चालू असताना बोलणार तू?”

“अधूनमधून.”

“रिमोटवर आवाज एकदम बंद करायचंही बटण आहे, बघितलंस?”

“बघितलं. गाण्याचाच ना?”

“गाण्याचाच गं. तुझं बोलणं ऐकायला.”