आतल्या बाजूची कडी

सारिका : ते घरी नाहीत हो, मावशी. रिक्षा घेऊन स्टेशनला गेलेत. काम काय होतं?

पुष्पाबाई : रिक्षा? योगराजभाऊ रिक्षा चालवतात?

सारिका : दिवाळीपासून. केळीच्या कोल्ड स्टोरेजवर चांगले सुपरवायझर होते. शेठशी भांडले आणि सोडून आले. का, ते विचारलं तर म्हणे, पटलं नाही. या ना आत. तुम्ही कुठल्या?

पुष्पाबाई : मुक्ताईनगरकडची. त्याच स्टोरेजवर पेट्या भरते मी, पुष्पाबाई. बाई, त्यायनं तुले काहीच सांगतलं नही?

सारिका : माणूस रागात नोकरी सोडतो, त्यात सांगण्यासारखं काय असतं?

पुष्पाबाई : बस इकडे. ते भांडन माह्यापायी झालं व्हतं. पेट्या आनाले मी थंड्या खोलीत गेली, अन् कोनी तरी बाहेरून दार लोटून घेतलं. आतून दार उघडाची कडी तुटेल व्हती. लय दिवसांची तुटेल. भाऊनं शेठले किती डाव सांगतलं व्हतं.

सारिका : अगं बाई! मग?

पुष्पाबाई : दार वाजवू वाजवू हात सुन्न झाले. त्या मशीनच्या आवाजात कोनाले ऐकू येईल? खाली बसली. लेकरं डोयासमोर आली. सुटी झाली, बाया गाडीत बसल्या, तं भाऊ म्हने, पुष्पाअक्का कुठी हाय? धावत आले. मले उचलून बाहेर उन्हात आनलं, सोताचा शर्ट काढून पांघरला.

सारिका : शर्ट... हो. त्या दिवशी नुसत्या बनियनवर घरी आले होते. मला वाटलं, मारामारी करून आले.

पुष्पाबाई : मारामारी कशाची? त्यायनं बठ्ठ्या, साऱ्याच्या साऱ्या खोल्यायले कुलपं लावली. म्हने, आतून कडी बसत नही तोपर्यंत एकबी बाई आत जानार नही. बाहेर ट्रक उभे. शेठ म्हने, चाव्या दे. भाऊ म्हने, आधी कडी बसव. शेठनं तठीच काढून टाकलं कामावरून.

सारिका : काढलं? मला तर म्हणाले, मीच सोडली.

पुष्पाबाई : दुसऱ्या दिवशी आम्ही बायायनं गेटजवळ बसून घेतलं. शेठनं दुसऱ्या गावच्या बाया आनल्या. त्यायले झालेलं सांगतलं, तं त्याबी आमच्यातच येऊन बसल्या. मंग आला शेठ बोलाले.

(योगराज दारात येतो.)

योगराज : पुष्पाअक्का! तुम्ही, इथे पिंप्राळ्यात? तब्येत कशी आहे?

पुष्पाबाई : चांगली हाय, भाऊ. तेच दाखवाले आली. आता दरेक दाराले आतून कडी हाय, घंटी हाय. एकटी बाई आत जात नही. गरम जाकिटं भेटली. रोजाचे पैसे वाढले, जास्ती थांबलं तं त्याचे दुप्पट. फक्त तुमाले परत कामावर घेनं, तेवढं नही झालं. आमची पहिली मागनी तीच व्हती.

योगराज : मीच निरोप पाठवला होता ना, माझ्यासाठी अडून राहू नका म्हणून? शेठ हो म्हणतोय तोवर कड्या बसवून घ्यायच्या होत्या.

सारिका : निरोपही पाठवला होता? इतकं सगळं झालं, आणि घरात नुसतं 'पटलं नाही'?

योगराज : नोकरी तर गेलीच होती, सारिका. वर तुझ्यापुढे मोठेपणा सांगत बसू का?

पुष्पाबाई : मोठेपना नही, भाऊ. मागच्या महिन्यात माह्या नातीचं बारसं झालं. पोरीले मांडीवर घेऊन बसली मी. बाया गात व्हत्या, अन् मले तुमचीच आठवन येत व्हती. एवढंच सांगाले आली.

योगराज : अक्का, रडू नका. नाव काय ठेवलं?

पुष्पाबाई : पुनम. लय गोरी हाय.

सारिका : आणि मी इतके दिवस यांच्याशी धड बोलले नाही.

योगराज : जाऊ दे ते. अक्का, जेवून जा.

पुष्पाबाई : नको, भाऊ. बस चुकली तं घरचे वाट पाहतीन.

योगराज : मग चला, स्टँडवर सोडतो.

सारिका : थांबा. मीपण येते.

योगराज : तू? रिक्षात? आजवर एकदा तरी बसलीस का?

सारिका : नाही बसले. आज बसते. (रिक्षात चढत) अक्का, सरका जरा तिकडे.