किरीटभाई, हिचा दादा

मंडळी,

सगळे आलात. सोसायटीच्या मिटिंगला कधी दिसत नाहीत ते पण आले. हा हॉल असा भरलेला बघायला किरीटभाई पाहिजे होते, असं बोलणार होतो. पण भरलाय तो त्यांच्यासाठीच ना. माझं हे असं होतंय बघा सकाळपासून. बोलायला जातो एक आणि निघतं भलतंच. जरा सांभाळून घ्या.

माईक मीच नको म्हटलं. आमची ही, सुमती, बाहेर पॅसेजमध्ये बसलीये. तिच्या कानावर हे पडायला नको, म्हणून हळू बोलतोय. मागच्यांना ऐकू येत नसेल तर पुढे सरका.

मी परब. किरीटभाईंच्या समोरचं दार माझं. मला भाषण येत नाही. पाण्याच्या टाकीवरून भांडता येतं, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. पण नयनाबेन म्हणाल्या, "परबभाई, तुम्ही बोला. मराठीतच बोला. त्यांचं मराठी तुमच्या घरात पक्कं झालं." ज्या बाईचा नवरा गेला ती सांगते, तर मी नाही कसं म्हणू?

खरं सांगतो. आमचं पटत नव्हतं. त्यांच्या घरात कांदा-लसूण चालत नाही, आमच्याकडे बोंबील तळल्याशिवाय रविवार होत नाही. आणि दोन दारांत अंतर ते किती! वास जाणारच. त्यांनी कमिटीकडे तक्रार केली. मी म्हटलं, नाक बंद करा. मग कितीतरी वर्षं आम्ही लिफ्टमध्ये आकडे बघत उभे राहायचो. हसताय काय? घाटकोपरात हे प्रत्येक मजल्यावर आहे.

मग सुमती विसरायला लागली. आधी गॅस, मग वार, मग आमच्या मुलीचं नाव. आणि एक दिवस तिला तिचा दादा आठवला. तिचा सख्खा भाऊ. आमच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत गावाला होडी उलटून गेला तो. ही इथे मुंबईत. हिला त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

ती विचारायची, "दादा कधी येतलो?" मी आपला खरं बोलणारा माणूस. सांगायचो, अगं, दादा कधीच गेला. आणि ती रडायची. आत्ताच कळल्यासारखी रडायची. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारायची. मी परत सांगायचो. मंडळी, एकाच माणसाचं मरण मी माझ्या बायकोला रोज कळवत होतो. करणार काय? मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी बेल वाजली. दारात किरीटभाई. नाकाला रुमाल, कपाळाला आठी. भांडायलाच आले होते, ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. घरात मासे होते आणि ही रडत होती. तिने दार उघडलं, त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, इलंस? खंय होतंस इतके दिवस?"

मी मागे उभा होतो. मला वाटलं, आता हा माणूस काय बोलतोय कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. रुमाल खिशात घातला. म्हणाले, "हा, आलो ना. काम होतं जरा."

आणि आत येऊन बसले. त्या वासात बसले हो! चहा प्यायले.

मला वाटलं, एक दिवसाचं आहे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला परत बेल. मग रोज. दुकान पोरावर सोडून यायचे. दुकानात एक कणकवलीचा माणूस आहे, त्याच्याकडून मालवणी शिकले. काय ते मालवणी! अर्धं गुजराती. पण हिला चालायचं. ही ताट वाढायची, "दादा, बांगडो खा." हे पोटावर हात ठेवून म्हणायचे, "श्रावण पाळतंय गे, बाय." आमच्या घरात बारा महिने श्रावण होता. भाऊबीजेला पाटावर बसले, ओवाळून घेतलं. कपाळावर कुंकू तसंच ठेवून दुकानात गेले.

मी एकदा आभार मानायला लागलो तर मला गप्प केलं. म्हणाले, "छोडो ना यार, माझ्या घरी माझं इतकं कोण ऐकतं?"

आणि मग तुम्ही सगळे त्यात आलात. वॉचमन सांगायचा, दादा वर गेले. बिल्डिंगमधली मुलं त्यांना मामा म्हणायला लागली. ही एकदा दादाला शोधायला एकटीच खाली उतरली, तर गेटवरच्या फुलवालीने तिला धरून बसवलं, म्हणाली, दादा इथूनच येतात, बसा. सगळी बिल्डिंग खोटं बोलली माझ्या बायकोसाठी. एकानेही तोंड वाकडं केलं नाही. ह्या आजाराने माझ्या घराची वाट लावली, मंडळी. पण मी एकटा पडलो नाही. तुम्ही मला पडू दिलं नाहीत. हे मला आज बोलायचंच होतं.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. ही त्यांना गावच्या गोष्टी सांगायची. खाडी, होडी, वारा. किरीटभाई पाण्याला घाबरायचे, आयुष्यात होडीत बसले नव्हते. गेल्या महिन्यात जिन्यात मला थांबवलं. म्हणाले, "परबसाहेब, मला झोपेत पाणी दिसतं. वर होडीचा तळ दिसतो." मी म्हटलं, ॲसिडिटी असेल. ते हसले. मला हसू आलं नाही. रस्त्यात दुसऱ्याच माणसाला कोणी दादा म्हणून हाक मारली तरी ते वळून बघायचे आताशा.

मग दुकानात बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

तेव्हापासून रोज चहाच्या वेळेला ही दोन कप काढते. दाराकडे कान लावून बसते. "इलो बघा, चपला वाजल्यो." मी म्हणतो, कोणी नाही. आणि मंडळी, परवा मला पण ऐकू आल्या. देवाशपथ सांगतो. ओढत चालायचे ना ते, तशाच. मी उठून दार उघडलं. पॅसेज रिकामा. समोरचं दार पण त्याच वेळी उघडलं. नयनाबेन उभ्या होत्या. त्या पण जिन्याकडेच बघत होत्या.

काल बेल वाजली. नयनाबेन होत्या. सुमतीने दार उघडलं. "वैनी, दादा खंय?"

सांगा, काय बोलायचं त्या बाईने? कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. मी पुढे होणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दुकानात गर्दी आहे. येतील." आत आल्या. त्या दुसऱ्या कपातला चहा प्यायल्या. हिचा हात हातात धरून बसल्या.

नयनाबेन, तुमचा माणूस तुम्ही आम्हाला रोज दिलात, आणि तो गेल्यावरही आमच्यासाठी त्याला जिवंत ठेवलात. मी तुमच्यासमोर हात जोडतो. ह्याहून जास्त मला बोलता येत नाही.

मघाशी मी आत येताना सुमतीने दारातूनच हा फोटो बघितला. हार बघितला. थांबली. मला धडकी भरली. ती म्हणाली, "अगे बाई, किरीटभाई गेले? बरो माणूस होतो." डोळ्यांत पाणी आलं तिच्या. शेजाऱ्याला तिने बरोबर ओळखलं. आणि मग माझी बाही ओढून हळूच म्हणाली, "तुमी दादाक सांगलात? त्याका वायट वाटतला."

मी म्हटलं, सांगतो.

मंडळी, आता श्रद्धांजली. रिवाज उभं राहायचा आहे. पण कृपा करून कोणी उठू नका. इतक्या खुर्च्या एकदम सरकल्या की तिला वाटेल, दादा आला. ती आत बघायला येईल. बसल्या जागीच डोळे मिटूया. अजिबात आवाज न करता.