अनसाक्काची आमटी आणि सर्जाची जीभ

मला एक सांगा मंडळी — शत्रूनं हातावर विष ठेवलं, तर आपण खाऊ का? नाही! मग जगात एवढी माणसं एवढं विष खातात, ते कुणाच्या हातचं? अहो खांबाला टेकलेले, झोपू नका, तुम्ही सांगा! — हां! मित्राच्या हातचं! शत्रूला दारातून हाकलता येतं. मित्र येतो खांद्यावर हात टाकून! त्याला 'नको' कसं म्हणायचं? आणि 'नको' म्हणून मैत्री टिकते का? भल्याभल्या तपस्व्यांना हा प्रश्न सुटला नाही, तिथं दहावीतल्या सर्जेरावाचं काय!

हा सर्जेराव राहायला भुदरगडाकडं. सगळे सर्जा म्हणत. वय पंधरा. मिशी नाही, पण असल्यासारखी बोटं ओठावर फिरवायची! सायकल घ्यायची होती त्याला, म्हणून सुट्टी लागली की लग्नसराईत अनसाक्का आचारिणीच्या हाताखाली कामाला जायचा. पाणी ओढायला, भांडी घासायला पोरं बख्खळ. सर्जाचं काम निराळं — तो चाखायचा! देवानं जीभच तशी दिलेली. पळीतली आमटी जिभेवर घ्यायची, डोळे मिटायचे, आणि निकाल — "आक्का, मीठ दोन चिमटी कमी. आन् कोथिंबीर कालची हाय!" एकदा नुसतं पाणी पिऊन म्हणाला, "ह्या विहिरीत कुणीतरी आंबा टाकलाय." उपसली विहीर — तळाशी कोय! पखवाजवाले, हसू नका. ज्यांनी कोय पाहिली तेही आधी हसले होते!

अनसाक्का स्वतः मात्र कधी चाखायची नाही. "तूच बघ बाबा, माझं वय झालं," म्हणायची. सर्जाला त्याचा केवढा अभिमान! आठशे पानांची आमटी त्याच्या एका शब्दावर खाली उतरायची.

आता मित्र येतो बरं का! नाव जोत्या. सर्जाहून दोन वर्षांनी मोठा, पाणी ओढायला होता. काम आटपलं की पोरं चुलवणामागं बसायची. जोत्या तंबाखूची पुडी काढायचा, चुना लावायचा, अंगठ्यानं मळायचा, वर दोन टाळ्या — फट् फट्! — आणि तळहात पुढं. त्या तळहातावरची चिमूट जो उचलेल तो आपला. जो उचलणार नाही तो परका. असा त्यांचा कायदा!

"घे की मर्दा!"

"नको."

"का? आईला इचारून येतोस काय?"

आठ दिवस सर्जा 'नको' म्हणाला. मग पोरांनी काय केलं? मारलं? छे! काही केलं नाही. तीच तर गंमत! आमटीची डेग उतरवायला दोघं लागतात ना? एक कान एकानं धरायचा, दुसरा दुसऱ्यानं. सर्जानं एक कान धरला, की दुसऱ्या कानाला हात लावायला कुणी येईना! उकळती डेग समोर, आणि पोरगं एकटं उभं. सांगा, अशा वेळी शहाणपण किती टिकतं?

नवव्या दिवशी त्यानं चिमूट उचलली. पृथ्वी गरगर फिरली, चुलीजवळची मांजर दोन दिसायला लागली! पण दुसऱ्या क्षणी डेगेच्या दुसऱ्या कानाला जोत्याचा हात. "चल रं वाघा, उचल!" सर्जाला वाटलं, जग जिंकलं!

महिनाभरात ओठामागं बार कायमचा. चुन्यानं तोंड आतून सोललं, जीभ झाली चपलेचा तळ. आणि अशात आलं देसायांच्या घरचं लग्न!

"सर्जा, चाख." अनसाक्कानं पळी पुढं केली.

चाखली. काहीच नाही! गरम आहे एवढं कळलं. खरं सांगावं, तर चाखायचं काम जाणार. मग आपण कोण? भांडी घासणारा एक! बोलून गेला, "थोडं मीठ लागंल, आक्का."

आक्कानं मूठभर टाकलं. "आता?"

"अजून... जरा."

दुसरी मूठ! पाठोपाठ तिसरी!

पंगत बसली. नवऱ्या मुलाच्या मामांनी पहिला भुरका मारला — आणि मामांची मिशी, जी अंगावर बैल धावून आला तरी हलली नव्हती, ती सरळ उभी राहिली! पाण्याचा टँकर दहा मिनिटांत कोरडा! देसाई लाल होऊन चुलवणाशी आले. "कुणी घातलं मीठ?"

"मी," अनसाक्का म्हणाली.

"पुन्हा ह्या पंचक्रोशीत तुझी चूल पेटणार नाही!"

सर्जानं पाहिलं — आक्काची मान खाली. ती त्याचं नाव घेत नव्हती. चाळीस वर्षांची चूल विझत होती, तरी घेत नव्हती! तो पुढं आला.

"चाखली मी व्हती. मला चव कळंना झालीया. तंबाखूनं. आन् मी खोटं बोललो."

तेव्हा अनसाक्कानं कमरेची पिशवी सोडली, आतून मशेरीची डबी काढली.

"पोराला काय इचारता देसाई? मी का चाखली न्हाई, ते इचारा! धा वर्सं झाली. भाजलेली तंबाखू दातांस्नी घासून घासून माझी जीभ कवाच मेली. सांगू कुणाला, आचारिणीला चव कळत न्हाई म्हणून? पोराच्या जिभेवर लपून ऱ्हायले." आणि डबी गेली चुलवणात!

देसाई म्हणाले, "आधी दुसरी पंगत वाचव. चुलीचं मागनं बघू."

अर्धी आमटी बाजूला काढली, बिनमिठाची डाळ शिजवून उरलेलीत ओतली, चव बघायला नवऱ्या मुलीच्या आजीला बसवलं. निभावलं!

त्या दिवशी सगळं आवरल्यावर जोत्यानं सवयीनं तळहात पुढं केला. सर्जा म्हणाला, "नको. पण डेगेचा कान धर." जोत्या पुटपुटला. चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली — आणि कान धरला! बघा मंडळी, मैत्री चिमटीत नव्हतीच!

महिना लोटला. देसायांनी चूल बंद केली नाही, आणि आक्कानं नि सर्जानं तंबाखूला हात लावला नाही. एके दिवशी सर्जा आमटी चाखून म्हणाला, "बराबर हाय." आक्कानं पळी हिसकावली, दहा वर्षांनी स्वतःच्या जिभेवर धरली, आणि ओरडली, "बराबर कसली? चिमटीभर मीठ कमी हाय की रं!" सर्जानं पुन्हा चाखली. खरंच कमी होतं! दोघं भांडता भांडता हसले, हसता हसता रडले.

आता आरतीनंतर महाप्रसाद आहे. आमटीच आहे! आणि एका पातेल्यात मीठ मुद्दाम घालू दिलेलं नाही. कोणत्या, ते सांगणार नाही. जो गुपचूप भुरके मारील, त्याच्या शेजारी त्याचंच लेकरू बसवणार, आणि विचारणार — "बाळ, मीठ आहे का रे?" लेकरू बरोबर सांगेल. त्याची जीभ अजून शाबूत आहे. उद्या कुणी जोत्या भेटेल तेव्हा भेटेल हो! पण "जा रे, कोपऱ्यावरनं माझी पुडी आण" म्हणून त्याच्या हातात पहिली पुडी देतो कोण? त्याचा बाप! खाली बघू नका मंडळी, उठा. पानं मांडली जातायत.