येसबा वस्तादांचा गरम-गार शेक

मंडळी, ऐका! आज सवाल एकच. माणसावर आपला जीव असतो — तो तोंडानं सांगावा लागतो का? मागची मंडळी म्हणतायत, त्याला कळतंच की, महाराज! कळतं? बरं. मग ऐका.

एका गावात तालीम होती. येसबा वस्ताद म्हातारे, आणि सर्जेराव त्यांचा लाडका पठ्ठ्या. लाडका हे अख्ख्या गावाला ठाऊक, फक्त सर्जेरावाला ठाऊक नाही! तालमीची रीतच तशी — पठ्ठ्याचं तोंडावर कौतुक करायचं नाही, अंगात मस्ती चढते म्हणे.

मेहनत झाली, मांड्या आखडून धोंडा झाल्या, की वस्ताद स्वतः पठ्ठ्याला शेकायला बसायचे. निर्गुडीच्या पाल्याचं कढत पाणी, त्यात पिळलेला टॉवेल — सोसवेल इतकाच गरम हं! मग विहिरीच्या गार पाण्याचा. पुन्हा गरम, पुन्हा गार. गरमानं आखडलेलं सुटतं, गारानं ठणका बसतो. दोन्हींतल्या नुसत्या एकानं भागत नाही!

बारा वर्षं सर्जेराव त्या हातांखाली वाढला. एका शाब्बासकीसाठी जीव नुसता आसुसलेला. मोठं मैदान मारलं, गदा घेऊन धावत आला — तर वस्ताद म्हणाले, डावा पाय अजून हलका पडतो. झालं! गडी त्याच रागात शहरातल्या तालमीत गेला.

तिथं काय नाही? गरम पाण्याचा हौद, बर्फाचा टब, वेळ सांगणारी घंटा! अंग मोकळं व्हायचं, मन तेवढं आखडलेलं. बर्फात बसून हा आठवण कुणाची काढायचा? ज्यांनी कधी गोड शब्द दिला नाही, त्यांचीच! डोळे भरून यायचे. अहो, इतकी ओढ, तर गाडी धरून यावं की नाही? नाही. ताठा आडवा आला. तीन वर्षं अशीच गेली.

मग निरोप आला, वस्तादांनी अंथरूण धरलंय, गुडघे पार गेलेत. तसाच निघाला. आला, चूल पेटवली, पाला उकळला आणि वस्तादांचे गुडघे शेकायला बसला. गरम, गार. गरम, गार. चौथ्या फेरीला वस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"सर्जा, तुझ्या अंगाला दोन्ही दिलं रे. मनाला मात्र नुसतं गारच देत आलो."

"मग आता म्हणा की, वस्ताद."

"शाब्बास, पोरा."

एवढा आडदांड गडी, लेकरासारखा रडला. आणि त्या आठवड्यात वस्ताद गेले. मंडळी, आठ दिवस उशीर झाला असता तर?

आता तुमचं सांगा. जिच्या हातचं चाळीस वर्षं जेवलात, तिला 'छान झालंय' कधी म्हणालात? आज म्हणा. ती विचारेल, तुम्हाला बरं नाही का? विचारू दे. तरी म्हणा.