दोरीपाशी निळा कोट

सिया : काकू, तो फोनवरचा तानपुरा बंद करा आणि अशा जवळ या. अजून जवळ. गोष्ट सांगते. संपेपर्यंत उठायचं नाही.

सुमेधाकाकू : अगं, कीर्तनात मी लोकांना म्हणते ते मलाच? बरं, बसले. आज कॅपिटलात, त्या विधानसभेत, पेज होतीस ना? तुझ्या आईने ग्रुपवर अकरा फोटो टाकलेत.

सिया : म्हणून तर तिला सांगता येत नाही.

सुमेधाकाकू : पण पेज म्हणजे करतात काय, ते मला अजून कळलेलं नाही.

सिया : चिठ्ठ्या नेतात. हॉलच्या दाराशी दोरी असते, लोक तिच्या बाहेर. आपल्या आमदाराला भेटायचं तर चिठ्ठी लिहायची. पेजने ती आत त्याच्याच हातात द्यायची. वाचायची नाही. मग तो बाहेर येतो. नाहीतर नाही येत.

सुमेधाकाकू : म्हणजे नारदाचं काम. फक्त तोंड मिटून.

सिया : एक आजी होत्या, निळ्या कोटातल्या. चार तास ड्राइव्ह करून आलेल्या. त्यांच्या गावातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद होतोय, तो वाचवायचं बिल होतं. म्हणाल्या, स्वीटी, व्होटच्या आधी पोचव.

सुमेधाकाकू : पोचवलीस ना?

सिया : आय डोन्ट नो.

सुमेधाकाकू : असं कसं?

सिया : त्यांचा आमदार खुर्च्यांच्या रांगेत मधोमध बसला होता. बाकीचे वाटेतच उभे राहून गप्पा मारत होते. मी कडेच्या माणसाला चिठ्ठी दिली, म्हटलं, प्लीज पुढे द्या. तुमच्या कीर्तनात तसंच करतात ना? कुणाला अभंग हवा असला की मागून चिठ्ठी निघते, पुढे द्या, पुढे द्या, आणि बरोबर तुमच्या पेटीवर येते.

सुमेधाकाकू : येते खरी. आजवर एक हरवली नाही.

सिया : मग मला कसं कळणार की इथे नाही पोचत?

सुमेधाकाकू : तो कडेचा कोण होता?

सिया : दुसऱ्या पार्टीचा. थँक यू म्हणाला, हसला. पुढे दिली की खिशात घातली, दिसलंच नाही. तेवढ्यात मतांच्या बोर्डवर दिवे लागले. आजींच्या आमदाराचा लाल. म्हणजे नको. बिल सहा मतांनी पडलं.

सुमेधाकाकू : मग त्याच्या एकट्याच्या मताने काय झालं असतं?

सिया : तेच समजत नाही यार. सॉरी, काकू. त्याने वाचून लाल दाबलं की न वाचता? आणि नुसतं तेवढं नाही. मी बाहेर आले तर आजी तिथेच उभ्या. म्हणाल्या, त्याला मिळाली ना गं? मी हो म्हटलं.

(काकू पेटीचा भाता मिटतात.)

सुमेधाकाकू : म्हणजे आता तिला वाटतंय, आपलं वाचूनही आपला माणूस बाहेर आला नाही.

सिया : हो.

सुमेधाकाकू : त्या आमदाराला मेल लिही. चिठ्ठी होती, निळ्या कोटातल्या बाईंची, माझ्या चुकीने तुमच्या हातात आली नाही. त्याला लाज असली तर तो तिला शोधेल.

सिया : पण मिळाली असली तर?

सुमेधाकाकू : तर तेही कळेल.

सिया : मम्मा माझं पेजचं सर्टिफिकेट फ्रेम करणार आहे.

सुमेधाकाकू : करू दे. मेल तू लिही, मी शेजारी बसते. तिचं नाव काय?

सिया : नाही माहीत. चिठ्ठी वाचायची नसते. तो एक रूल मी नीट पाळला.

सुमेधाकाकू : मला नुसतं गाता येतं गं पोरी. हे मलाही सोडवता येत नाही.

सिया : उद्या कीर्तनात शेवटी तुम्ही देवाजवळ मागता ना, आजारी लोकांची नावं घेऊन?

सुमेधाकाकू : बिननावाच्या माणसाचं कसं मागू?

सिया : निळा कोट म्हणा. दोरीपाशी उभी आहे म्हणा. लक्षात ठेवाल ना, काकू? चिठ्ठी नाही देत. मी स्वतः येऊन सांगतेय.